जबडा बधिर, तरी दुखतंय

मावशींचा दात दुखत होता, असं अर्धी गल्ली आजही सांगते. उरलेली अर्धी सांगते, की दात कधी दुखतच नव्हता. खुद्द मावशींना विचारलं तर त्या डाव्या गालाला हात लावून क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "काय की बाई! दुखत तर होतं."

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, लाकडी पट्ट्या कापून चौकटी जोडायचे आणि मावशी काच कापायच्या. हिऱ्याचं टोक बसवलेली हिरकणी काचेवरून एकदाच ओढायची, कुर्रर्र असा आवाज येऊ द्यायचा, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी अलगद दाबायचं, की काच मुकाट्यानं दुभंगायची. लग्न करून आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना हे शिकवलं होतं आणि त्यांचा हात बसला तो बसलाच. काकांचा हात लाकडावर चालायचा, काचेशी त्यांचं जमायचं नाही. मूलबाळ नव्हतं. घर दुकानाच्या वरच होतं आणि त्या घरात तिसरं माणूस होतं ते म्हणजे नणंद.

नणंद काकांची थोरली बहीण. अख्खी नोकरी तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली ती कानाचे हेडफोन तेवढे मागे ठेवून. आवाज मात्र बरोबर आणला. लांबच्या शहराशी बोलल्यासारखी ती शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलायची. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. या घरात भांडी जरा जास्तच जवळजवळ मांडली होती. भाजीत मीठ कमी की जास्त, खिडकी उघडी की बंद, दुकानाला कुलूप लावलं की नाही, कशावरूनही दोघींची जुंपायची. काका मधे पडायचे नाहीत. रंधा जोरात चालवायचे, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणता यायचं.

तर त्या आठवड्यात मावशींचा जबडा दुखायला लागला. डावीकडून, खालून. जिना चढून घरात गेल्या की दुखायचा, खुर्चीवर टेकल्या की थांबायचा. दाताचं दुखणं असं बसलं-उठलं बघून येतं का, हा प्रश्न त्यांना पडला खरा, पण विचारणार कुणाला? नणंदेला विचारलं.

"अक्कलदाढ असेल," नणंद म्हणाली.

"या वयात, वन्सं?"

"तुझी उशिराच यायची."

आणि मग त्या सकाळी एका शाळेसाठी मोठा आरसा कापत असताना तीच कळ अशी उसळली, की हातातली हिरकणी टेबलावर पडली. कळ जबड्यातून खांद्यात गेली, खांद्यातून पाठीत, आणि डावा हात भरून आल्यासारखा जड झाला. घाम फुटला. काका एका कार्यालयात मोठ्या चौकटी भिंतीवर ठोकायला गेले होते आणि फोन नेहमीप्रमाणे भुशाच्या डब्याशेजारी विसरले होते. नणंद खाली आली, भावजयीचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "चल, ती दाढ आजच्या आज उपटून टाकू."

दोन घरं सोडून दातवाल्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर गोलमटोल, काम करताना सतत गुणगुणायचे. त्यांनी मावशींना खुर्चीत आडवं केलं, तोंडात दिवा सोडला आणि त्यांना हवी ती गोष्ट सापडली. "ही बघा, खालची दाढ. चांगलीच किडली आहे. काढून टाकू." त्यांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे वळले. थोड्या वेळानं परत आले. मावशींचा डावा ओठ तोवर लोंबायला लागला होता.

"इथं टोचतोय, कळतंय?"

"नाही," मावशी म्हणाल्या. शब्द 'डाही' असा बाहेर आला.

"इथं?"

"डाही."

"छान. म्हणजे आता दुखत नाही."

"दुखतंय ना."

डॉक्टरांचं गुणगुणणं थांबलं. "कुठं?"

मावशींनी त्याच जागेवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी पुन्हा टोचून पाहिलं. बोटाखालची जागा दगडासारखी बधिर होती आणि दुखणं तिथंच बसलं होतं. मावशींना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, आपल्याला नीट सांगता येत नाही. त्यांनी दोनदा माफीही मागितली. डॉक्टरांनी चिमटा ताटलीत ठेवून दिला, त्यांचं मनगट धरलं, कपाळावरचा घाम पाहिला आणि एकदम वेगळ्याच गोष्टी विचारायला लागले. जिना चढताना दुखतं का? बसल्यावर थांबतं का? आज का थांबत नाही? दम लागतोय का?

"दाढ राहू दे," ते शेवटी म्हणाले. "जबडा बधिर आहे, तरी दुखतंय, म्हणजे हे दाताचं नाही. हृदयाचं असू शकतं. आत्ता, या क्षणी हॉस्पिटलात जायचं."

मावशींनी छातीवर हात ठेवून बघितलं. छातीत काहीच नव्हतं. जे दुखतंय ते दुखत नाही म्हणतात, आणि जे दुखत नाही तिथं आजार आहे म्हणतात. हा मनुष्य शुद्धीवर आहे ना, असं त्यांनी डोळ्यांनीच नणंदेला विचारलं. पण नणंदही तोंड उघडं टाकून बसली होती. डॉक्टरांनी टॅक्सी बोलावली, हॉस्पिटलला फोन लावला आणि दोघींना दारापर्यंत सोडलं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या दाढेत अर्धं काम झालं होतं. "एवढं बुजवतो आणि येतोच मागोमाग," ते म्हणाले.

हॉस्पिटलात निरोप पोचला होता, पण कसा? खिडकीतल्या मुलीनं वर न बघताच विचारलं, "दातवाल्यांनी पाठवलेला पेशंट ना? दातांचा विभाग वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे."

आणि दोघी जिना चढायला लागल्या. आज त्या गोष्टीवरून नणंद स्वतःला बोल लावते, पण त्या वेळी सांगितलं तसं करण्यापलीकडे दोघींना काही सुचत नव्हतं. चार-पाच पायऱ्यांवर मावशी बसल्या त्या उठेनात. चेहरा काचेसारखा झाला होता, आरपार. तेव्हा नणंदेनं पायरीवरूनच तोंड उघडलं. ज्या आवाजानं तिनं वादळात तुटणाऱ्या लाइनीवर माणसांना माणसं जोडून दिली होती, तोच आवाज. "माझी भावजय मरतेय इथं! कुणी आहे का पलीकडे?"

मग सगळी पळापळ. स्ट्रेचर आला, मावशींच्या छातीवर वायरी चिकटल्या, यंत्रातून कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. ती पट्टी हातात घेऊन एक तरुण डॉक्टरीणबाई पडद्याआडून आल्या. डोळ्यांखाली जागरण, पण हालचाल चटपटीत.

"मावशी, हा हृदयविकाराचा झटका आहे. मोठा आहे," त्या म्हणाल्या आणि वाकून चेहऱ्याकडे बघताच थबकल्या. "तोंड वाकडं कधीपासून आहे?"

प्रश्न नणंदेला होता. आणि नणंद इतकी गांगरली होती, की पंचवीस-तीस वर्षांचं ठरलेलं उत्तर तिच्या तोंडून आपोआप निघालं. "तिचं तोंड नेहमीच वाकडं असतं. मला बघितलं की झालंच."

"नेहमीच? म्हणजे आधी कधी अर्धांगाचा झटका येऊन गेलाय?"

"अहो नाही! म्हणजे, तसं वाकडं नाही हो. रुसल्यासारखं."

डॉक्टरीणबाईंना रुसणं कळेना आणि नणंदेला अर्धांग कुठून आलं ते कळेना. "मावशी, दोन्ही हात वर करा बघू." मावशींनी उजवा हात वर केला. डावा इतका दुखत होता, की त्यांनी तो उचललाच नाही. "नाव सांगा." मावशींनी सांगितलं, पण ओठ साथ देईना आणि भलतंच काहीतरी ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. डावीकडे तोंड वाकडं, डावा हात उचलत नाही, बोलणं अडखळतं.

"काय झालं? सांगा की!" नणंद म्हणाली.

त्यांनी भराभर सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकली आहे. पुढचा भाग रक्तावाचून मरत चाललाय. मोठ्या हॉस्पिटलात नळीत फुगा घालून रस्ता मोकळा करतात, पण ते लांब आहे, तेवढी उसंत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथं आहे. "पण ते औषध आंधळं असतं. हृदयातली गुठळी विरघळवेल, तसं आणखी कुठं रक्त वाहत असेल तर तेही थांबू देणार नाही. यांच्या मेंदूत आत्ता रक्तस्राव चालू असेल आणि मी ते दिलं, तर यांना मीच मारलं असं होईल. आणि मेंदूचा फोटो काढायचं यंत्र इथं नाही."

मावशी हे सगळं ऐकत होत्या. त्यांना त्यातला प्रत्येक शब्द कळत होता आणि सगळे मिळून काहीच कळत नव्हतं. दात, मग हृदय, आता मेंदू. हे दुखणं अंगभर फिरत कुठं चाललंय? दाढ काढणार कोण, हाच प्रश्न त्यांच्या डोक्यात अडकला होता आणि तोच त्यांनी विचारला. "दाढ... कोड काढडार?"

"काय म्हणतात त्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दाढ कोण काढणार म्हणतेय," नणंद म्हणाली. लाइनीवरचे तुटके शब्द जोडण्यात तिची हयात गेली होती. आणि ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या डोक्यात एकदम दिवा लागला. "अगं बाई! दातवाल्यानं इंजेक्शन दिलंय तिला! बधिर केलाय जबडा! म्हणून लोंबतंय ते!"

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं वाकडं कधीपासून!"

डॉक्टरीणबाईंनी दातवाल्यांना फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. पलीकडून दातवाले हॉस्पिटलचाच नंबर फिरवत होते, हे नंतर कळलं. तोवर डॉक्टरीणबाईंनी मावशींचा ओठ टोचून पाहिला, कपाळाला आठ्या घालायला लावल्या, डोळे घट्ट मिटायला लावले. "मावशी, डावा हात उचलता येत नाही, की दुखतो म्हणून उचलत नाही?"

मावशींना या दोहोंतला फरक कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी दात खाऊन डावा हात वर केला. पूर्ण वर. आणि कळवळून खाली टाकला. तेवढ्यात दातवाले स्वतःच दारात उभे राहिले, गळ्यात ॲप्रन तसाच, घामाघूम. "खालचा जबडा मीच बधिर केलाय. दाढ काढलेली नाही, कुठंही कापलेलं नाही," त्यांनी धापा टाकत सांगितलं.

"म्हणजे अर्धांग नाही. दाढ काढली असती तर माझे हात बांधले गेले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. मग मावशींकडे वळल्या. "डोक्याला मार लागला होता का एवढ्यात? पोटात अल्सर? कुठलं ऑपरेशन? नाही ना? ऐका. या औषधानं बहुतेकांना फायदा होतो. फार थोड्यांना मेंदूत रक्तस्राव होतो, तो कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. द्यायचं का?"

मावशींनी काकांना शोधलं. काका नव्हते. मग त्यांनी नणंदेकडे बघितलं. या घरात आल्यापासून त्यांनी नणंदेला 'काय करू' असा सल्ला कधी विचारला नव्हता. न विचारताच मिळायचा. "वन्सं, काय करू?"

नणंदेनं दातवाल्यांकडे बघितलं, नर्सकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "मला काय कळतंय गं," ती म्हणाली, इतक्या हळू आवाजात, की मावशींना वाटलं, ही दुसरीच कुणी बाई आहे. त्या आवाजाचीच भीती वाटून त्यांनी मान हलवली. द्या म्हणाल्या.

एक गोळी चावून खायला दिली. मावशींनी ती कचाकचा चावली. दंडातून औषध गेलं. मग वाट बघणं. कळ तशीच होती, मग तशीच होती, मग थोडी कमी झाली असं वाटलं, मग तेही खरं वाटेना. आणि अचानक डोक्यावरचं यंत्र बेताल वाजायला लागलं. पडद्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या उड्या मारू लागल्या. नणंद किंचाळली. डॉक्टरीणबाई मात्र पडद्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या.

"रक्त परत वाहायला लागलं की कधीकधी असं होतं. चांगली खूण आहे."

"ठोके चुकतायत ही चांगली खूण?"

"हो."

नणंदेनं कपाळाला हात लावला. मावशींना मात्र तेवढ्यात जाणवलं, की जबड्यातली कळ गेलीय. कुणी दार लावून घ्यावं तशी. त्यांनी ते सांगायला तोंड उघडलं आणि हनुवटीवरून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत आला.

आता मात्र सगळ्यांचेच चेहरे पांढरे झाले. पोटातून येतंय? फुप्फुसातून? डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून तोंडात पाहिलं आणि सुस्कारा सोडला. गोळी चावताना मावशींनी आपलाच बधिर ओठ चावला होता. एरवी असं रक्त पाण्याच्या गुळणीनं थांबलं असतं. आज अंगातलं सगळं रक्त थांबणं विसरलं होतं. दातवाल्यांनी गॉजची घडी करून ओठावर दाबली आणि नणंदेचा हात त्यावर ठेवला. "असंच धरा. सोडायचं नाही. आणि मावशी, अजिबात बोलायचं नाही."

नणंद स्टुलावर बसली, भावजयीचं तोंड हातानं दाबून. मावशी डोळे वर करून बघत राहिल्या. गॉज भिजायचं, नवं यायचं. नणंदेचा हात भरून आला, तिनं तो दुसऱ्या हातानं सावरला, पण सोडला नाही.

"इतकी वर्षं मनात होतं, हिचं तोंड एकदा धरून बंद करावं," ती पुटपुटली. "देवानं ऐकलं, पण हे असं!" आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मावशींनाही हसू आलं, पण हसायची बंदी होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं, हे त्यांना स्वतःलाच ठरवता आलं नाही. हळूहळू बधिरपणा उतरला तसा ओठ ठणकायला लागला. म्हणजे जे दुखत होतं ते थांबलं आणि जे दुखत नव्हतं ते दुखायला लागलं. त्यांनी विचार करणं सोडून दिलं.

काका आले तेव्हा रक्त थांबलं होतं. गल्लीत त्यांना कुणीतरी सांगितलं, बायकोला दातासाठी हॉस्पिटलात नेलंय. ते सरळ वरच्या मजल्यावर गेले आणि दातांच्या विभागात बराच वेळ आपला नंबर लागायची वाट बघत बसले होते.

मोठ्या हॉस्पिटलात नेताना गाडीत सलाइनमधून आणखी एक औषध चालू होतं. काकांनी विचारलं, गुठळी विरघळली ना, मग हे कशाला? बरोबरचे डॉक्टर म्हणाले, "आधीच्या औषधानं जुनी गुठळी विरघळली. हे नवी होऊ देत नाही. दोन्ही कामं वेगळी." काकांनी मान हलवली आणि थोड्या वेळानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिथं नळीत बारीकशी जाळी बसवली. आणि घरी सोडायच्या आदल्या दिवशी सांगितलं, की झटक्यानं हृदयाचा एक कोपरा सुस्त झालाय, तिथं रक्त साचून एक छोटी गुठळी दिसतेय. काही महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या. अधूनमधून रक्त तपासायचं. जास्त पातळ झालं तर वाहील, कमी झालं तर गोठेल. "मधोमध राहायला हवं," डॉक्टर म्हणाले. "आणि काही दिवस कापाकापीचं काम नको."

मावशी घरी आल्या, पण कुठल्या घरी आल्या हे त्यांना कळेना. खोल्या त्याच, जिना तोच, आणि त्या मात्र पाहुण्यासारख्या. रक्त पातळ म्हणजे नक्की काय? शेजारीण म्हणाली, पाण्यासारखं होतं, अंगात ताकद राहत नाही. दुसरी म्हणाली, उलट चांगलं, सरसर फिरतं. मावशी खिडकीत उभ्या राहून मनगटावरच्या शिरा निरखायच्या. त्या होत्या तशाच हिरव्या-निळ्या होत्या. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी मांडीवर जांभळा डाग उठायचा. पालेभाजी रोज सारखीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका, असं सांगितलं होतं. तर नणंद पानं मोजून वाढायची आणि मावशी ताटातून परत काढायच्या. जबड्यात जराशी चमक आली की तिघंही एकमेकांकडे बघायचे. दाढ की हृदय? ती किडकी दाढ अजून तोंडातच होती. गोळ्या संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं दातवाल्यांनी बजावलं होतं.

एकदा मावशी संध्याकाळची गोळी गिळून बसल्या होत्या आणि नणंद पाणी घेऊन आली, "घे, गोळी."

"आत्ताच ह्यांनी दिली."

"कधी? दुपारी दिली असेल. संध्याकाळची मी देते."

मावशींना आठवेना. खरंच दिली, की कालचं आठवतंय? घेतलेल्या आणि घ्यायच्या गोळ्यांचा डोक्यात असा गुंता झाला होता, की त्यांनी ती मुकाट गिळली. तेवढ्यात काका वर आले आणि म्हणाले, "गोळी दिली बरं का मी."

मग जे काही झालं! नणंदेनं फोन उचलला आणि हॉस्पिटलात जो मिळेल त्याला लाइन पुढं जोडून द्यायला लावलं. अखेर त्या डॉक्टरीणबाईच लाइनवर आल्या. घाबरू नका म्हणाल्या, उद्याची गोळी घेऊ नका, सकाळी रक्त तपासायला या, तोवर काळं शौच झालं किंवा डोकं फार दुखलं तर लगेच निघा. त्या संध्याकाळी मावशींना दोघांनी मिळून इतक्यांदा विचारलं, "डोकं दुखतंय का?" की ते खरंच दुखायला लागलं. सकाळी रक्त जरा जास्त पातळ निघालं, पण धोक्याचं नव्हतं. गोळी कुणी द्यायची यावरून भावा-बहिणीचं मोठं भांडण झालं आणि ते काम नणंदेनं जिंकलं.

दुकानात काकांनी काच कापायचा प्रयत्न केला. तीन काचा तडकल्यावर त्यांनी हिरकणी टेबलावर ठेवली आणि रंधा घेतला. मग एक दिवस नणंद खाली उतरली. "मी बघते. एक्स्चेंजचे प्लग धरून धरून माझी बोटं काही बिघडली नाहीत." मावशी खुर्चीवर बसून सांगायच्या, "दाबू नका वन्सं, ओढा. एकदाच. परत फिरवू नका." नणंद परत फिरवायची आणि काच वेडीवाकडी फुटायची. "तूच परत फिरवा म्हणालीस!" "मी फिरवू नका म्हणाले!" गिऱ्हाईक उभं राहून ऐकायचं. पण हळूहळू छोट्या काचा जमायला लागल्या. मोठ्या नाही जमल्या. शाळेचा आरसा शेवटी बाहेरून कापून आणावा लागला, त्याचं मावशींना फार लागलं.

एका दुपारी नणंद कापत होती आणि मावशी तिच्या हातांकडे बघत होत्या. काही कारण नसताना त्यांना रडू आलं. नणंदेनं घाबरून विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"मी मेले होते का हो, वन्सं? पायरीवर बसले तेव्हा?"

"वेडी आहेस का? बोलत होतीस की."

"काय बोलत होते?"

नणंदेला ते आठवेना. तिनं हातमोजे काढले, भावजयीच्या शेजारी स्टूल ओढलं आणि बसली. त्या दिवसाचा कुठला तुकडा आधी आणि कुठला नंतर, हे दोघींनी मिळून जोडायचा प्रयत्न केला. मधल्या पायऱ्यांवरचं काही जुळलं नाही. काकांना विचारून उपयोग नव्हता.

पुढे एका सकाळी मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, गुठळी दिसत नाही, तो कोपराही बराच हलतोय. रक्त पातळ करायची ती गोळी बंद. जाळीसाठीच्या दोन बारीक गोळ्या तेवढ्या चालू ठेवा. हातमोजे घालून हळूहळू कामाला लागा.

दोघी बाहेर आल्या. मावशींना आनंद व्हायला हवा होता, हे त्यांना माहीत होतं. पण इतके महिने त्या गोळीचा धाक होता तसा आधारही होता. कुणीतरी आत बसून पहारा देतंय असं वाटायचं. आता पहारेकऱ्याला रजा दिली होती. "वन्सं, मी बरी झाले का?"

"डॉक्टर म्हणाले ना."

"ते झालं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय विचारतेस? मी सांगितलेलं दाढ म्हणून, आठवतंय ना?"

"ती आहेच की अजून."

"मग काढू या आता."

"आता नको. जाळीच्या गोळ्या आहेत. विचारावं लागेल."

"विचारू की. हात कुणी धरलाय!"

असं बोलत बोलत समोर आली त्या बसमध्ये दोघी चढल्या. खिडकीशी मावशी, शेजारी नणंद. बस बरीच पुढे गेल्यावर मावशींच्या लक्षात आलं, की बाहेरची दुकानं ओळखीची नाहीत. एक मोठं गोदाम आलं, मग मोकळं मैदान, मग कधी न पाहिलेला पूल.

"वन्सं, ही आपली बस नाही."

"आपलीच आहे. नंबर मी बघितला."

"मग हा पूल कुठला?"

नणंदेनं चष्मा वर सरकवला आणि बाहेर पाहिलं. समोरच्या सीटवरच्या बाईला विचारलं तेव्हा कळलं, की बस उलट्या दिशेला चाललीय आणि शेवटच्या थांब्यावरून तीच परत फिरते.

"उतरायचं का?" नणंदेनं विचारलं.

मावशींनी पुलाखालच्या पाण्याकडे बघितलं. त्यांना भूक लागली होती आणि कुठंही काही दुखत नव्हतं. "कशाला? परत फिरतेच आहे ना," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीची काच सरकवून उघडली.

"वारा लागेल," नणंद म्हणाली.

"लागू दे."